मागच्या चाकातली हवा

सोलापूर सोडताना पुढच्या चाकात पंचवीस आणि मागच्या चाकात अठ्ठावीस पौंड हवा होती. हे आकडे मी एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी सव्वासहाला, गाडी रात्रभर उभी असताना, माझ्या मीटरने घेतले. चेनकव्हरवरच्या स्टिकरवर एकट्या माणसासाठी हेच आकडे छापले आहेत. मागे कुणी बसणार असेल तर मागचे चाक छत्तीस. मी एकटाच निघालो होतो. दुसऱ्या दिवशी मागे कुणी बसेल की नाही, हे ठरायचे होते.

बसायचे होते माझ्या आत्याला. सुमनआत्या उजनीच्या फुगवट्याकाठी (धरणाचे पाणी मागे पसरते त्या पट्ट्यात) राहते. गावाचे नाव लिहीत नाही, कारण पुढच्या मजकुरात एका माणसाच्या दुकानाचा विषय आहे आणि गाव लहान आहे. आत्याच्या उजव्या डोळ्याला बरीच वर्षे दिसत नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. सोमवारी सोलापुरात शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. त्याआधीची एक तारीख हुकली होती. गावातून जेऊर स्टेशनला जाणारी रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, त्या दिवशी ती उशिरा भरली आणि आत्या फलाटावर पोचली तेव्हा गाडी गेलेली होती. यावेळची तारीखही गेली तर पुढची कधी मिळेल ते दवाखान्याने सांगितले नव्हते.

घरात मोटारसायकल आहे. आत्याचा मुलगा संतोष रोज चालवतो. पण वर्षापूर्वी त्याच गाडीवरून पडून आत्याचे मनगट मोडले आणि तेव्हापासून ती मोटारसायकलवर बसलेली नाही. आठवड्यापूर्वी संतोषचा फोन आला. जेऊर स्टेशनपर्यंत आई तुमच्या गाडीवर बसेल म्हणते, तुम्हीच या, असे तो म्हणाला. फोन ठेवता ठेवता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली.

"दादा, येताना ते हवा मोजायचं घिऊन या. आई म्हनती, मोजायचं आनल्याबिगर येऊ नको म्हनावं."

जिला आकडा दिसणार नाही, तिला मीटर कशाला हवा, हा प्रश्न मला तिथेच पडला. मीटर मी पिशवीत वरच ठेवला.

चिंचोळी एमआयडीसीच्या वळणाशी पहिल्या पाळीचे कामगार आत जात होते. एकेका गाडीवर दोघे, काहींवर तिघे, हँडलला डबे. एरवी मी चेहरे पाहिले असते. त्या दिवशी मागची चाके पाहिली. निम्म्या गाड्यांची मागची चाके जमिनीशी पसरलेली होती. कुणालाच त्याची काळजी दिसली नाही.

मोहोळजवळ एका पेट्रोल पंपावर थांबलो. तिथे हवेचे यंत्र आकडे दाखवणारे, नवे होते. माझ्या मीटरने मागच्या चाकात एकतीस दाखवले, पंपाच्या यंत्राने पस्तीस. पंपावरच्या माणसाने लगेच नळी सरसावली आणि कमी करून अठ्ठावीसवर आणू का विचारले. मी नको म्हटले. पुन्हा एकदा मोजून दाखवा म्हटले. त्याने मोजले. पस्तीसच.

"तुमचं यंत्र चार पौंड जास्त दाखवतं," मी म्हणालो.

"न्हायतर तुमचं चार कमी दाखवतंय."

दोन्ही शक्यता सारख्याच होत्या.

"मग कमी करू का?"

"नको."

"मग इचारलं कशाला सकाळसकाळी?" असे म्हणून त्याने नळी खुंटीला अडकवली.

पुढचा तासभर मी गाडीपेक्षा मीटरवर जास्त संशय घेत गेलो. टेंभुर्णीला भाकरी, शेंगाची चटणी आणि पिठले खाल्ले. हॉटेलवाल्याने दह्याची वाटी न मागता ठेवली आणि बिलात धरली. तिथून करमाळ्याच्या रस्त्याला लागलो. कंदरच्या आसपास दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आहेत. केळीने भरलेले टेंपो रस्त्याच्या कडेला उभे होते आणि त्यांच्या चाकांना एक माणूस पान्याने ठोकून आवाज ऐकत चालला होता. टणक आवाज आला की पुढचे चाक. त्याच्याकडे मीटर नव्हता.

मुख्य रस्ता सोडल्यावर ऊस, मग पुन्हा केळी, मग एका चढावरून पाणी दिसले. उन्हाळ्यात धरण उतरते. पाणी आणि हिरव्या शेतांच्या मध्ये काळ्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. त्यावरून पाइपांच्या रेघा पाण्यापर्यंत गेल्या होत्या. दूर उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते, पण ते पाहायला त्या पट्ट्यात कुणी थांबलेले दिसले नाही. जो तो पाणी उपसायच्या मोटारीपाशी वाकलेला होता.

साडेदहाला आत्याच्या दारात गाडी लावली. जय भीम झाला. आत्या ओट्यावर गोधडी टाकून बसली होती. सून माहेरी गेली होती. संतोषने पाणी दिले. आत्याने माझा हात चाचपला, मग उठून गाडीपाशी गेली, खाली बसली आणि मागच्या टायरवर डाव्या हाताचा अंगठा दाबला. उजवे मनगट तिला पुरते वळवता येत नाही. मी मीटर लावला. बत्तीस.

"घरून अठ्ठावीस होती," मी म्हणालो. "चार वाढली कशी?"

"वाढली, कमी झाली, त्याचं काय न्हाय," आत्या म्हणाली. "मला आकडा नको. मीटर तुज्यासाटी आनायला सांगितला. तू पेपरात काम केलेला मानूस. तू इचार, मोज, आन् मला सांग. मला ज्या हवेनं पाडलं, ती कुनामुळं कमी होती? ते कळल्याबिगर मी गाडीवर बसनार न्हाय. डोळा जाऊ दे गेला तर."

संतोष आत निघून गेला. त्याचे त्या क्षणी आत जाणे मी लक्षात ठेवले.

जेवताना आत्याने सगळे सांगितले. चिलापीचा (फुगवट्यात मिळणारा मासा) रस्सा आणि ज्वारीची भाकरी होती. तिचे म्हणणे समजायला इथली एक रीत माहीत हवी.

या काठच्या लोकांची शेते वर आणि मोटारी खाली असतात. पाणी जसे मागे हटते तशी मोटार पुढे सरकवावी लागते, म्हणून उन्हाळ्यात रोज गाळातून खाली जावे लागते. टणक चाक गाळात रुतते. त्यामुळे उताराच्या तोंडाशी, एका बाभळीपाशी थांबून, प्रत्येक जण मागच्या चाकातली हवा सोडतो. याला 'खालची हवा' म्हणतात. परत येताना भास्करच्या पंक्चरच्या दुकानात ती पुन्हा भरून घेतात. ती 'वरची हवा'. पण एका घरातली गाडी बाप, मुलगा, सून, शेजारी, कुणीही नेते. खालची हवा असलेली गाडी चुकून कुणी डांबरीवर पळवू नये म्हणून हवा सोडली की उजव्या हँडलला चिंधी बांधायची. चिंधी असेपर्यंत गाडी डांबरीवर न्यायची नाही. हवा भरली की ती चिंधी भास्कर स्वतःच्या हाताने सोडतो आणि दुकानातल्या तारेला अडकवतो; पुन्हा खाली जाताना ज्याची तो तिथून घेऊन जातो. दुसऱ्या कुणी ती सोडायची नसते. प्रत्येक घराची चिंधी वेगळी असते, कारण ती घरातल्या जुन्या लुगड्याची असते.

"त्या दिशी जेऊरचा बाजार," आत्या म्हणाली. "संतोष खालून आला. मी हँडल बगितलं. तवा मला एवढं दिसत होतं. चिंधी नव्हती. म्हटलं हवा भरली. बसले. डांबरीवर दोन मैल गेलो न्हाय तर मागचं चाक सापावानी हलाय लागलं. मग मी खाली."

संतोषने तेव्हा सांगितले होते की, गाडी त्याने भास्करकडे लावली, चहा पिऊन आला, तर चिंधी सोडलेली होती. म्हणजे भास्करने हवा न भरताच चिंधी सोडली. आत्याने हे गावभर सांगितले. पहिल्यांदा तिच्या भावकीने भास्करकडे जाणे बंद केले, मग गावाने. आता घरोघर पायाने मारायचे पंप आहेत.

"भास्कर काय म्हणतो?" मी विचारले.

"त्यो म्हनतो गाडी माज्याकडं आलीच न्हाय. कुनीबी तसंच म्हनंल की."

आत्या ज्या गोधडीवर बसली होती तिचा वरचा थर पोपटी लुगड्याचा होता. एका बाजूला काठ होता, पोपटी, त्यात पिवळ्या दोन रेघा. दुसऱ्या बाजूचा काठ नव्हता. विचारल्यावर आत्या म्हणाली, तिकडचा काठ चिंधीसाठी फाडला होता, हेच लुगडे होते तेव्हा गाडीचे.

दुपारी तीनला मी भास्करच्या दुकानात गेलो. पत्र्याचे छप्पर, कॉम्प्रेसर, पाण्याची लोखंडी घमेली आणि आडवी बांधलेली तार. तारेवर चिंध्या होत्या, तीसेक असतील, रंग उडालेल्या. बहुतेकांवर धूळ होती. भास्कर चाळिशीचा, कमी बोलणारा. तो मोटारीच्या फुटलेल्या पाइपाला चिकटपट्टी लावत होता. आता त्याचे बरेचसे काम तेच आहे. मी कुणाचा कोण हे सांगण्याआधीच त्याला माहीत होते.

घरून अठ्ठावीस भरून निघालो म्हणालो आणि मागच्या चाकात हवा बघायला सांगितली. त्याने टायरवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"गरम हाय, पाव्हणं. गरम टायर मोजू नका. उन्हात चालून आला की चार पौंड फुगतो. सकाळी मोजा, तुमचे अठ्ठावीस अठ्ठावीसच भरत्याल."

मी दोन मीटर ताडून पाहण्यासाठी तरीही मोजायला लावले. त्याच्या मीटरने बत्तीस दाखवले, माझ्यानेही बत्तीस. मोहोळच्या पंपावर ज्याचे यंत्र खोटे होते, तो मी नव्हतो. हवा वाढण्याचाही खुलासा झाला. अचूक आकडा देणारा माणूस खरे बोलतो, असे मात्र त्यावरून ठरत नाही. मी वर्षापूर्वीच्या दिवसाबद्दल विचारले.

भास्कर आत गेला आणि एक ट्यूब घेऊन आला. आत्याच्या पडण्याच्या दिवशी गाडी ओढत त्याच्याच दारात आणली होती, दुसरे दुकान तेव्हा नव्हते. ट्यूब त्याने बदलली आणि जुनी ठेवून दिली. त्याने मला वॉल्व्हचे मूळ दाखवले. रबर एका बाजूने फाटले होते.

"खिळा न्हाय, फुटका न्हाय. हवा कमी असली की टायर रिंगावर घसरतो, संगं ट्यूब वढून नेतो, वॉल्व्ह उपटतो. ही गाडी खालच्या हवेवर डांबरीला पळवली. दोन मानसं बसवून."

"हे त्यांचंही म्हणणं आहे," मी म्हणालो. "हवा कमी होती हे दोघेही मान्य करता. ती तुम्ही भरली नाही म्हणून कमी होती, असं ते म्हणतात."

त्याने ट्यूबची घडी घातली.

"व्हय. म्हनूनच ही ट्यूब कुनाला दावली न्हाय. ह्याच्यानं माजं कायच सिद्द होत न्हाय."

मग त्याने तारेकडे बोट केले. "सुमनाक्काची पोपटी चिंधी हुडका ह्याच्यात. मी सोडली असती तर हितं असती. त्याच्या आदीच्या हप्त्यातली कुनाचीबी सापडंल. तिची न्हाय."

मी तार टोकापासून टोकापर्यंत पाहिली. पोपटी चिंधी नव्हती. पण जी चिंधी फेकून देता येते ती तारेवर नसणे हाही पुरावा नव्हे. हे मी त्याला बोलून दाखवले नाही. त्याच्या चेहऱ्यावरून ते त्याला आधीच कळलेले होते.

साडेचारला संतोष मोटार बघायला निघाला. मी बरोबर येतो म्हणालो आणि माझी गाडी काढली.

"तुमची गाडी कशाला गाळात घालताय, दादा? माज्यावर बसा की."

मला रीत पाहायची होती, आणि त्याला मी बरोबर का नको होतो हेही आता पाहायचे होते. आत्याने ओट्यावरूनच सांगितले, खाली जातोस तर चिंधी ने, आणि जुन्या निळ्या लुगड्याची पट्टी दाताने फाडून माझ्या हातात दिली. बाभळीपाशी संतोषने दोन्ही गाड्यांच्या वॉल्व्हमध्ये काडी घालून हवा सोडली. टाच दाबून अंदाज घेतला आणि बास म्हणाला. मी मीटर लावला. माझ्या चाकात चौदा, त्याच्या चाकात साडेचौदा. टाचेने इतका नेमका अंदाज घेणारा मी पाहिलेला नाही. मी निळी पट्टी उजव्या हँडलला बांधली. त्याने त्याच्या गाडीला बांधली नाही. आपण एकटाच चालवतो आता, असे तो म्हणाला.

गाळ वरून भेगाळलेला, आतून ओला होता. चौदा पौंडांचे चाक त्यावरून पसरत गेले, रुतले नाही. पाण्याच्या कडेला संतोषची मोटार होती. तिथून निघालेला पाइप काठाने वर गेला होता. मी त्याच्या कडेने चालत गेलो. चौथ्या जोडावर पाणी झिरपत होते. जोड कापडाने आवळून बांधला होता आणि वरून तार गुंडाळली होती. कापड मळून करडे झाले होते. पण तारेखाली जिथे ऊन लागले नव्हते, तिथे ते पोपटी होते आणि त्यात पिवळ्या दोन रेघा होत्या.

मी संतोषला हाक मारली नाही. तो आपणहून आला. मी कुठे उभा आहे ते पाहून मधेच थांबला.

"ही कधी बांधली?" मी विचारले.

त्याने आधी गेल्या महिन्यात म्हटले. लुगडे वर्षापूर्वीच गोधडीत गेले, चिंधी एकदाच फाडली होती, असे मी म्हटल्यावर तो खाली बसला. मग त्याने सांगितले ते असे. त्या दिवशी मोटार चालू केली आणि जोड सुटला. पाणी वर पोचेना. हाताशी दुसरे काही नव्हते, म्हणून हँडलची चिंधी सोडून जोडाला आवळली. वर आला तेव्हा आई बाजाराची पिशवी घेऊन तयार होती. हँडलला चिंधी नाही हे आईने पाहिले, आणि त्यानेही पाहिले. चिंधी नाही म्हणजे हवा भरलेली, हे डोक्यात इतके बसलेले होते की, आपणच ती सोडली आहे हे त्याला आई पडेपर्यंत आठवले नाही.

हे मला खरे वाटले. मी चौदा पौंडांचे चाक चालवून पाहिले होते. हळू चालवले तर फरक फारसा कळत नाही. पुढचे खरे वाटायला जड होते.

"नंतर सांगता आलं असतं."

"दवाखान्यात आईनंच म्हटलं, भास्करनं फसवलं. मी गप बसलो. मग एक दिस गेला, दोन गेले. मग गावानंच ठरिवलं." मग तो म्हणाला, "दादा, ऑपरेशन होऊ द्या. डोळा आला की मी सांगतो. आता सांगितलं तर ती माज्यासंगं आगगाडीतबी चढनार न्हाय."

वर्षभर तो हेच करत आला होता, फक्त दरवेळी कारण वेगळे. मी सांगेन असेही म्हटले नाही आणि सांगणार नाही असेही. आम्ही सावकाश वर आलो. भास्करच्या दुकानावरून गेलो. संतोषने तिकडे पाहिले नाही, भास्करने माझ्या हँडलवरची निळी चिंधी पाहिली.

घरी संतोष पंप काढायला गेला. आत्याने त्याला हाक मारून थांबवले.

"ऱ्हाऊ दे हवा. आदी सांग रे, काय मोजलंस?" हे मला होते.

मी जे पाहिले तेवढेच सांगितले. भास्करचा मीटर बरोबर आहे. ट्यूबवरून हवा कमी होती एवढे कळते, कुणामुळे ते कळत नाही. तारेवर पोपटी चिंधी नाही. खाली चौथ्या जोडाला एक कापड बांधलेले आहे. इथवर आल्यावर आत्याचा हात गोधडीच्या काठावर गेला. फाटलेल्या बाजूची शिवण तिने बोटांनी पूर्ण चाचपली.

"कुनी बांधलंय?" तिने विचारले. तिचे तोंड माझ्याकडे नव्हते.

संतोष पंप हातात धरून अंगणात उभा होता. शेजारच्या घरात मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"मी, आई," तो म्हणाला.

मला रडणे किंवा शिव्या यांची अपेक्षा होती. आत्याने दोन्हींतले काही केले नाही. तिने एवढेच विचारले की, भास्करच्या दारात मी सरपंचासमोर बोलले, तेव्हा तू माझ्याशेजारी उभा होतास का? संतोष व्हय म्हणाला. ती उठून आत गेली. भाकरी तिने थापल्या नाहीत, त्या संतोषने थापल्या, जाड आणि कडेला कच्च्या. आम्ही तिघांनी त्या खाल्ल्या.

रविवारी उजाडताना मी मीटर लावला. चौदाचे साडेबारा झाले होते, थंडाव्याने. संतोषने पुन्हा पंपाला हात लावला, आत्याने पुन्हा नको म्हटले. ती चालत निघाली. मी गाडी हाताने ढकलत तिच्या मागे, संतोष त्याच्या गाडीसह आणखी मागे. जेऊरची आगगाडी चुकेल का याचा मी सतत हिशेब करत होतो. वेळ होता, पण जास्तीचा नव्हता.

भास्कर दुकानासमोर पाणी मारत होता. आत्या त्याच्यापासून दोन हातांवर थांबली.

"भास्कर, हवा भर."

तो तांब्या घेऊन तसाच उभा राहिला. "पाव्हण्याकडं मीटर हाय. तुमच्या घरी पंपबी हाय, आक्का."

"असू दे. चिंधी बांधलीया. तू भर."

भास्करने माझ्याकडे पाहिले, मग मागे उभ्या संतोषकडे. संतोषने काहीतरी बोलायला तोंड उघडले. आत्याने हात वर करून त्याला थांबवले.

"चिंधी पाइपाला होती," ती भास्करला म्हणाली. "माज्याच घरच्यानं बांधलेली. मी तुज्यावर घातलं. सोलापूरवरनं आले की सरपंचापुडंच सांगनार हाय, जितं बोलले होते तितं. हा संगं उभा ऱ्हाईल."

भास्करने तांब्या खाली ठेवला. कॉम्प्रेसर चालू केला. तो भरेपर्यंत त्या आवाजात कुणाला काही बोलता आले नाही, आणि ते सोयीचेही होते.

"मानसं किती?" त्याने विचारले.

"दोघं. आन् ही पिशवी."

मी स्टिकरवर छत्तीस लिहिले आहे म्हणालो. भास्करने आत्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

"छत्तीस दोन गड्यांसाटी हाय. आक्का पिशवी धरून पंचेचाळीस किलो. छत्तीस घातली तर खड्ड्यात उडत्याल, आन् हात आदीच मोडलाय. बत्तीस घालतो."

मी हरकत घेतली नाही. त्याने आधी आत्याला खाली बसवून तिचा अंगठा टायरवर ठेवला आणि मग नळी लावली. टायर तिच्या अंगठ्याखाली हळूहळू टणक होत गेला. तिने मान हलवली तेव्हा त्याने नळी काढली. मग तो हँडलपाशी आला आणि थांबला.

"सोड की," आत्या म्हणाली. "भरनारानंच सोडायची."

त्याने निळी चिंधी सोडली, झटकली आणि तारेला अडकवली. तारेवर तिचा रंग सगळ्यांत उठून दिसत होता.

संतोषच्या चाकातही भास्करने हवा भरली. आत्या माझ्या मागे एका बाजूला पाय सोडून बसली. पहिला मैलभर तिने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की वळण घेणे अवघड गेले. वर्षापूर्वी ती जिथे पडली ते ठिकाण तिने न विचारता ओळखले, तिथे बाजूला वीटभट्टीचा वास येतो. तिथे तिने "चाक हलतंय का?" असे विचारले. नाही म्हणालो. मला स्वतःलाही खात्री करून घ्यावी लागली. मग पकड थोडी सैल झाली. जेऊर स्टेशनला पोचलो तेव्हा फलाटावर गाडीची घोषणा चालू होती. संतोषने त्याची गाडी स्टँडला लावली आणि तो आईबरोबर डब्यात चढला. ती खिडकीशी बसली. तो तिच्या शेजारी नाही, समोर बसला. तिने बसू दिले.

परतीला मी एकटा होतो. नियमाप्रमाणे मागच्या चाकातली चार पौंड हवा सोडायला हवी होती. सोडली नाही. मोहोळच्या पंपावर तोच माणूस होता. त्याने हात दाखवला आणि मी न थांबता हात दाखवला. चिंचोळीच्या फाटकाशी रविवारमुळे शुकशुकाट होता. या दोन दिवसांत माझ्या मीटरने साडेबारापासून बत्तीसपर्यंत बरेच आकडे दिले आणि ते सगळे बरोबर होते. आत्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यांतल्या एकातही नव्हते. ते एका गळक्या जोडावर वर्षभर उघड्यावर बांधलेले होते, आणि तिथून रोज जाणाऱ्या दहा-वीस माणसांपैकी कुणी त्याच्याकडे चिंधी म्हणून पाहिले नव्हते. पाइपावर बांधले की ते कापड होते.

शस्त्रक्रिया सोमवारी झाली. आठ दिवसांनी तपासणी होती. डॉक्टरांनी चष्मा दिला, दोन बोटे मोजायला सांगितली, ती तिने मोजली. मोटारसायकलवर बसायला हरकत नाही म्हणाले. मी आवारातून गाडी आणून पायऱ्यांसमोर लावली. संतोष तिची पिशवी घेऊन उभा होता.

आत्या पायऱ्या उतरून आली. वर्षभरात तिने पहिल्यांदाच मोटारसायकल नीट पाहिली असेल. माझ्याकडे पाहिले नाही, चाकाकडेही नाही. आधी उजव्या हँडलकडे पाहिले.

"चिंधी न्हाय," ती म्हणाली.

"नाही."

तिने तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. खाली बसली, टायरवर अंगठा दाबला, आणि मग उठून मागे बसली.